चावी ऑनच असते, तरी गाडी बंद पडते

डिझेल गाडीला स्पार्क लागत नाही. म्हणून चालती डिझेल गाडी अचानक बंद पडली तर इग्निशन स्विचवर कुणी संशय घेत नाही. आमची जुनी डिझेल जीप नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना ऐन वळणावर एकदम गप्प झाली. गाडीत आई होती, भावाची मुलं होती, मागे एसटी होती. ब्रेक लागले म्हणून निभावलं. थोडं थांबून सेल्फ मारला तर गाडी पहिल्याच फटक्यात चालू! सगळ्यांचं मत पडलं की गाडी एअर घेतेय, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय.

नाशकात हे मत पडणं साहजिकही आहे. सातपूरला मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा कारखाना. त्यामुळे पंप आणि नोझल हा इथल्या कारागिरांच्या हातातला विषय. डिझेल गाडी अडली की पहिला हात तिकडेच जातो. आमच्याही गाडीचा फिल्टर बदलला, पाइपांचे वॉशर बदलले, फीड पंप बदलला, शेवटी मोठा पंप उतरवून कॅलिब्रेशनला गेला. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी काही दिवस छान चालायची. हाच या बिघाडाचा खरा फसवा भाग आहे. तो अधूनमधून येतो, त्यामुळे जे शेवटचं काम केलं त्यालाच श्रेय मिळतं आणि खरा दोष जागच्या जागी राहतो.

उलगडा केला तो अंबडच्या एका वयस्कर वायरिंगवाल्या काकांनी. बॉनेट न उघडताच त्यांनी विचारलं, “बंद पडते तेव्हा मीटरवरचे लाल दिवे लागतात का?”

माझं सगळं सांगणं या एका प्रश्नाभोवती आहे. चावी ऑन असताना इंजिन डिझेलअभावी बंद पडलं, तर ऑइलचा आणि चार्जिंगचा लाल दिवा लागतो, कारण मीटरला वीज मिळतच असते. स्विचच सुटला असेल तर लाल दिवेही लागत नाहीत, मीटर पूर्ण मेलेलं दिसतं. बंद पडण्याची तऱ्हाही वेगळी. एअर घेणारी गाडी आधी ओढ सोडते, झटके खाते, मग बंद होते आणि बहुतेक वेळा एअर काढल्याशिवाय नीट चालू होत नाही. वीज तुटली की गाडी चावीने बंद केल्यासारखी एका क्षणात थांबते, आणि संपर्क जुळला की लगेच चालू होते.

डिझेल गाडीत हे घडतं ते पंपावरच्या सोलेनॉइडमुळे. त्याला बारा व्होल्ट मिळत असेपर्यंत तो डिझेलची वाट उघडी धरतो. वीज गेली की आतली स्प्रिंग ती वाट बंद करते. ही वीज येते स्विचमधून. ज्या फार जुन्या गाड्यांचं इंजिन दोरी ओढून बंद करतात, त्यांना हे लागू नाही. जुन्या पेट्रोल गाडीत हाच स्विच कॉइलला वीज देतो, तिथे दोष कार्बोरेटरवर ढकलला जातो, इतकाच फरक.

तपासणी घरीही करता येते. गाडी सपाटीवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून चालू ठेवा आणि चावी ऑनवरच ठेवून हलकेच हलवा. इंजिन अडखळलं किंवा मीटर लुकलुकलं तर संशय पक्का. मग स्विचमागच्या वायरिंगला हात लावून बघा, कारण कधी स्विच ठीक असतो आणि कप्लर ढिला. नुसत्या हलवण्याने दोष पकडता आला नाही तर दोन छोटे बल्ब लावा: एक स्विचमध्ये बॅटरीकडून येणाऱ्या वायरवर, दुसरा सोलेनॉइडकडे जाणाऱ्या वायरवर. दोन्हींचं दुसरं टोक अर्थला. शेजारी बसणाऱ्याने बल्बांवर नजर ठेवायची, चालवणाऱ्याने नाही. गाडी बंद पडताना फक्त दुसरा बल्ब विझला तर दोष स्विचमध्ये. दोन्ही विझले तर स्विच निर्दोष, बॅटरीचे टर्मिनल आणि मेन फ्यूज बघा. दोन्ही जळतच राहिले तर खुशाल पंपाकडे वळा.

काकांनी स्विच उघडला तेव्हा आतला पितळी पॉइंट काळा पडून त्यात खड्डा झाला होता आणि मागचा कप्लर उष्णतेने तपकिरी झाला होता. कारणही तिथेच दिसत होतं. जादा हॅलोजन, मोठा हॉर्न, टेप, पंखा, सगळ्यांच्या वायरी स्विचच्या एकाच टोकाला गुंडाळलेल्या. पिंपळगाव-लासलगावच्या बाजार समित्यांत अशा सजवलेल्या कितीतरी जुन्या गाड्या दिसतात, आणि आता त्या दिसल्या की मला काळजी वाटते. जास्त करंट घेणाऱ्या प्रत्येक वस्तूला रिले हवा. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीची वायर फ्यूज लावून, 87 वर दिवा किंवा हॉर्न, 86 ला स्विचची बारीक वायर, 85 अर्थला. म्हणजे स्विचला फक्त रिले ओढायचं काम राहतं. आणखी एक, जळक्या कप्लरवर नवा स्विच बसवू नका, तोही जळेल. बऱ्याच गाड्यांत मागचा विजेचा भाग स्क्रू काढून वेगळा निघतो, त्यासाठी लॉक आणि चाव्या बदलायची गरज नसते. स्विच उघडण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचाच, कारण स्विचमधली एक वायर चावी बंद असतानाही जिवंत असते.

चावीला लटकवलेला जुडगाही कमी लेखू नये. 2014 मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने इग्निशन स्विचमधल्या दोषासाठी सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. स्विचची पकड इतकी हलकी होती की धक्क्याने किंवा जुडग्याच्या वजनाने चावी ऑनवरून मागे सरकायची, इंजिन बंद व्हायचं, आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसत. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत चावी एकटीच वापरा, असं मालकांना सांगितलं गेलं होतं. आपण तर घराच्या, दुकानाच्या, गोडाऊनच्या चाव्या त्याच कडीत घालतो.

घाटात असं झालं तर ब्रेक एकदाच, सलग दाबून धरा. इंजिन थांबल्यावर बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, वारंवार पाय मारला तर पेडल दगडासारखं होतं. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टीअरिंग लॉक होईल. हॅझर्डचे दिवे बहुतेक गाड्यांत बॅटरीवरून थेट चालतात, ते लावा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, चाकाला दगड द्या, मग मुलांना रस्त्यापासून लांब उतरवा. आणि कुणी स्विच टाळून बटणावर डायरेक्ट करून देतो म्हणाला तर नाही म्हणा. त्या जुगाडात उद्या धूर निघाला तर चावी फिरवूनही इंजिन थांबणार नाही, आणि ते छुपं बटण कुठे आहे हे दुसऱ्या चालवणाऱ्याला ठाऊक नसेल.