भात कच्चा की शिजलेला?

कोळवण, ता. मुळशी
आषाढ वद्य पंचमी

चि. सोनू,

काल तुझ्या आईचा फोन आला. तिकडे अमेरिकेत, एडिसनच्या स्टेशनात जिना चढताना तुला भोवळ आली, कुणा परक्या बाईने धरून बाकावर बसवलं. हे तू नाही सांगितलंस, तुझ्या रूममेटने सांगितलं. तीन महिने पाळी नाही, हेही तिच्याकडूनच कळलं. तुझी आई रडत होती. मी रडले नाही, मला राग आला, आणि रागात लिहायला बसले आहे. कुणाकडून तरी पत्राचा फोटो काढून पाठवीन.

तुझ्या हिशेबाच्या वहीचं पान तुझ्या आईने मला फोनवर दाखवलं. छत्तीस वर्षं मी सातवीला गणित शिकवलंय, चूक शोधायची खोड काही जात नाही. तिसऱ्याच ओळीत अडकले : 'भात 150 ग्रॅम, 10 पॉइंट.' सोनू, हा भात कच्चा की शिजलेला?

तुझं सूत्र मी नीट पाहिलं. उष्मांक भागिले 50, त्यात स्निग्धांश भागिले 12 मिळवायचे, तंतू भागिले 5 वजा करायचे, आणि तंतू कितीही असले तरी 4 ग्रॅमपर्यंतच धरायचे. मैत्रिणीने दिलं ते वेट वॉचर्स या वजन कमी करवणाऱ्या कंपनीचं जुनं सूत्र. पुढे त्यांनी साखर, प्रथिनं वगैरे धरून हिशेब बदलला. ते असू दे. फोडणी तू चोख मांडली आहेस. चहाचा चमचाभर तेल म्हणजे साडेचार ग्रॅम, 40 उष्मांक, 0.8 आणि 0.4 मिळून सव्वाच्या आत. थालीपिठाला कडेने सोडलेलं तेलसुद्धा धरलंस, ते भलेभले विसरतात. आमटीची आख्खी बेरीज करून वाट्यांनी भागलीस. शाब्बास.

पण भाताला आकडा घेतलास तांदळाचा आणि काट्यावर ठेवलास भात! शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशेच्या आसपास उष्मांक. तोच तांदूळ पाणी पिऊन अडीचशे-तीनशे ग्रॅम होतो. तुझ्या दीडशे ग्रॅम भाताचे होतात चार पॉइंट. वरणाचंही तेच, वजन पातळ वरणाचं आणि आकडा कोरड्या डाळीचा. दिवसाचे बावीस पॉइंट दुपारीच संपले म्हणून रात्री काकडी खाऊन झोपायचं. कॉलेजात एवढं गणित केलंस आणि वजन कशाचं हे पाहिलं नाहीस?

की पाहिलं होतंस? रात्रभर मी याच विचारात होते. तू आमच्या घरातली सगळ्यात हुशार मुलगी. ही चूक तुला दिसली नसेल, हे माझ्या मनाला पटत नाही. आकडा फुगला की ताट बाजूला सारायला कारण मिळतं, असं तर नाही ना?

मला कसं कळतं विचारशील. डी.एड.च्या सुट्टीत मला पाहायला आले होते. 'मुलगी अंगाने भरलेली आहे,' एवढंच म्हणून गेले. तुझ्या आजोबांनी ते हसण्यावारी नेलं. मी मात्र दोन महिने चहावर काढले. भाकरी ताटात घ्यायची, पदराखाली धरायची आणि गोठ्यात नेऊन घालायची. भाताच्या लावणीत, गुडघाभर चिखलात, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातातल्या रोपांच्या मुठीसकट आडवी झाले. माझा भाऊ, म्हणजे तुझे बाबा, तेव्हा दहा वर्षांचा. 'ताई मेली' म्हणून बोंबलत बांधावरून पळत सुटला. त्याला विचार, अजून आठवत असेल.

आईला गव्हाणीत भाकरीचे तुकडे सापडले. ती एक शब्द बोलली नाही. जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवलेली बाई, दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी ताट घेऊन बसायला लागली. मला ती पाळत वाटली. एकदा तर मी तिला म्हटलं, 'माझे घास मोजतेस का?' ती म्हणाली, 'नाही गं, मला एकटीला जेवण जात नाही.' मला ते तेव्हा खोटं वाटलं होतं. ती गेल्यावर मी चुलीपाशी एकटी जेवायला बसले, त्या दिवशी कळलं.

तूच मागे सांगितलं होतंस, क्वीन्समधल्या जीन नायडिच नावाच्या गृहिणीने 1961 साली मैत्रिणींना घरी बोलावलं, त्यातून 1963 साली ही वेट वॉचर्स कंपनी उभी राहिली. तुमच्याकडे पॉइंट आले 1997 साली. त्याआधी बायकांचं एकत्र बसणं होतं. तू वही घेतलीस आणि बसलीस एकटी.

फार बोलले का? तू जाड नाहीस असं मी म्हणत नाही, मला तू कशीही दिसतेस ती सोनूच दिसतेस. वजन कमी करायचं तर कर, सूत्रही वापर, पण भाताचा आकडा दुरुस्त कर. आणि या आठवड्यात डॉक्टरकडे जा, पाळीचं सांग, रक्त तपासून घे. हे मात्र मी विचारत नाही, सांगते आहे.

तुझी आई दिवाळीत येईल तिच्याबरोबर आंबेमोहोर पाठवते. आता इथे इंद्रायणीच जास्त, आंबेमोहोर उंच वाढतो आणि पावसात लोळतो म्हणून कुणी लावायला धजत नाही. मी दोन खाचरं ठेवली आहेत, तुझ्यासाठीच म्हण.

तुझ्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच. मी उठलेलीच असते. ताट वाढून घे आणि फोन लाव. मी चहा घेत बसेन. बोललं नाहीस तरी चालेल.

तुझी,
आत्या