सी ड्राइव्ह भरला? फॉरमॅट न मारता मोठी डिस्क बसवा

२५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये जेमतेम २३८ जीबी दिसते. त्यात अपडेट आणि फोनमधले फोटो येऊन पडले की सी ड्राइव्हची पट्टी बघता बघता लाल होते. डिस्क बदलायला गेलं की दुकानात बहुधा फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकायला सांगतात. मशीनला व्हायरस लागला असेल किंवा ते सारखं अडकत असेल, तर सल्ला बरोबर आहे. पण ते धडधाकट असेल तर टॅली, प्रिंटर, जुने मराठी फॉन्ट, डिजिटल सही हे सगळं पुन्हा बसवायचा व्याप कशाला? डिस्क सरळ क्लोन करा.

खरेदीआधी मशीनमध्ये कोणती डिस्क बसते ते बघा. एम-टू स्लॉटमध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेतोच असं नाही. लॅपटॉपला एकच स्लॉट असेल तर नवी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून जोडा. केसिंगही त्याच प्रकाराचं हवं.

आता तयारी. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत तिसऱ्याच ठिकाणी काढा. जुनी डिस्क सलग वाचताना मध्येच दगा देऊ शकते, म्हणून हे टाळू नकाच. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या आणि एन्क्रिप्शन पूर्ण उतरवा.

क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घ्या आणि मशीन ‘रीस्टार्ट’ करून त्यावरून सुरू करा. ‘शट डाउन’ केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही. पुढे ‘डिव्हाइस-डिव्हाइस’, मग ‘बिगिनर’, मग डिस्कवरून डिस्कवर हा पर्याय. इथे घाई नको. आधी सोर्स विचारतात, नंतर टार्गेट. नावं ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी सारखीच दिसतात, म्हणून शेजारी लिहिलेला आकार आणि मॉडेल नंबर डिस्कवरच्या लेबलशी जुळवा. उलटं निवडलंत तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल आणि सगळा डेटा जाईल. खात्री झाल्यावरच ‘वाय’ दाबा.

काम झालं की मशीन बंद करून जुनी डिस्क काढा आणि पहिल्यांदा फक्त नवीवरून सुरू करा. दोन्ही जोडलेल्या असतील तर मशीन जुनीवरूनच चालू होण्याची शक्यता असते. शिवाय दोघींची ओळख एकच असल्याने विंडोजचाही गोंधळ होतो.

विंडोज सुरू होतं, पण सी ड्राइव्ह मात्र पहिल्याएवढाच! उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘अनअलोकेटेड’ दिसते, आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ पुष्कळदा दाबताच येत नाही. कारण सी आणि मोकळी जागा यांच्यामध्ये छोटं रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलेलं असतं. जीपार्टेड पेनड्राइव्हवरून सुरू करून ते पार्टिशन डिस्कच्या शेवटी सरकवा, मग सी वाढवा. ते सरकत असताना वीज जाता कामा नये. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

डिस्क २ टीबीपेक्षा मोठी असेल तर ती जीपीटी पद्धतीची हवी. एमबीआरमध्ये त्यापुढची जागा वापरता येत नाही.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. निदान महिनाभर बाजूला ठेवा, आणि टॅलीपासून प्रिंटरपर्यंत सगळं नव्या डिस्कवर चालतंय हे बघूनच ती फॉरमॅट करा.