अंगात रक्त कमी का पडतं?

आपल्या आळीतली एखादी सून डोळ्यांपुढे आणू या. पहाटे उठून ती पाणी भरते, भाकऱ्या भाजते. मग दिवसभर आतल्या खोलीत शिवणयंत्रावर बसते. पाठोपाठची दोन मुलं आहेत. हल्ली जिना चढली की तिला धाप लागते. एकदम उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते. कंबर आणि पिंढऱ्या दुखतात. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं!"

पण ही थेरं नव्हेत, आळसही नव्हे. तिच्या अंगात बहुधा रक्त कमी आहे.

हे दुखणं एकटीचं नाही. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर घरोघरी पाहणी झाली. १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी शंभरात ५७ जणींचं रक्त कमी भरलं. महाराष्ट्रात शंभरात ५४ जणींचं.

रक्ताला लाल रंग ज्यामुळे येतो, त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. श्वासातला प्राणवायू तेच साऱ्या अंगाला पोचवतं. ते बनायला लोह लागतं. दर महिन्याच्या पाळीत बाईचं लोह जातं. पोटातलं बाळ आईकडूनच लोह घेतं. जंत असले तर तेही रक्त पितात. आणि बाई जेवते सर्वांच्या मागून, उरलंसुरलं. मग ही तूट भरावी कशी? अशा बाईला बाळंतपणात जास्त रक्त गेलं, तर जिवावर बेततं.

अंग दुखण्याचं आणखी एक कारण असू शकतं. ते म्हणजे 'ड' जीवनसत्त्व कमी असणं. उन्हात आपली कातडी ते बनवते. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, त्या वेळचं ऊन त्याला चांगलं. हातापायांवर थोडा वेळ ऊन घ्यावं. काचेआडचं ऊन उपयोगी नाही.

पुष्कळ बायकांत या दोन्ही उणिवा एकत्र सापडतात. म्हणून कोणी म्हणेल, "उन्हात बसलं की रक्त वाढेल." तसं मानून चालू नका. 'ड' जीवनसत्त्व हाडांना बळ देतं. लोहाची तूट लोहानंच भरते. 'ड'चं औषधही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. ते जास्त झालं तर अपाय होतो.

मग करावं काय? आधी रक्त तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर रक्त कमी समजतात. गरोदर बाईला ११ ची मर्यादा आहे. उपकेंद्रात, आशाताईंकडे लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. गरोदरपणात त्या रोज घ्यायच्या असतात. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. शौचाला काळी होते, त्याला भिऊ नये. मळमळलं तर गोळी सोडू नये, ताईंना सांगावं. गोळ्या घेऊनही रक्त वाढलं नाही, तर डॉक्टरांना दाखवावं. कारण दुसरंही असू शकतं.

जेवणात मटकी, चवळी, पालेभाजी असावी. चालत असेल तर अंडी, मासळी, मटण खावं. वर लिंबू पिळावं. जेवणावर लगेच चहा नको.

आणि एक गोष्ट आज रात्रीच करता येईल. सुनेचं ताट सर्वांबरोबर मांडा. भाजी तिलाही तेवढीच वाढा. त्याला पैसा लागत नाही.