चांगला खेळाडू हंगामाआधी का सोडतात?
मालक, मुनीम आणि कारागीर यांच्यासाठी हिशेबाचा एक धडा

व्यापाराच्या पानावर फुटबॉल कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा घ्या किंवा डोंबिवलीचा मानपाडा घ्या, दोन्हीकडे दुकानदार आणि छोटे कारखानदार दरवर्षी एका प्रश्नाशी झगडतात. हंगाम तोंडावर आला आहे, हाताखाली एक उत्तम कारागीर आहे, त्याचा पगार वाढत चालला आहे, आणि त्याला ठेवावे की जाऊ द्यावे हे ठरत नाही. फुटबॉलचे क्लब हाच प्रश्न दरवर्षी सर्वांच्या डोळ्यांदेखत सोडवतात. त्यांचे निर्णय वर्तमानपत्रात छापून येतात आणि त्यांचे फळ गुणतक्त्यात दिसते. म्हणून शिकायला हे उदाहरण सोयीचे आहे.

आपल्याला जवळचे उदाहरण मुंबई सिटी एफसी या क्लबचे आहे. इंडियन सुपर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली या संघाने साखळीत पहिला क्रमांक मिळवून शील्ड जिंकली. नंतर १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून करंडकही घेतला. एवढे यश मिळाल्यावर कोणीही म्हणेल की हाच संघ पुढे चालवावा. प्रत्यक्षात पुढचा हंगाम १९ नोव्हेंबर २०२१ ला सुरू होईपर्यंत कर्णधार गेला, मुख्य मिडफिल्डर गेला, आघाडीचे दोघे गेले आणि प्रशिक्षकही गेला. हे का घडते, ते क्रमाने पाहू.

१) जागांचा हिशेब

संघात नावे कितीही मोठी असोत, जागा मोजक्याच असतात. २०२०-२१ मध्ये क्लबला जास्तीत जास्त ७ परदेशी खेळाडू ठेवता येत आणि त्यांतले ५ एका वेळी मैदानात उतरवता येत. २०२१-२२ पासून नियम बदलला. परदेशी खेळाडू जास्तीत जास्त ६ आणि त्यांत एक आशियाई देशाचा. मैदानात एका वेळी फक्त ४.

म्हणजे काल ज्याला पहिल्या अकरात हक्काची जागा होती, त्याची जागा आज नियमानेच कमी झाली. तो खेळाडू पूर्वीइतकाच चांगला आहे, फक्त खुर्ची उरलेली नाही. मुंबईच्या ७ परदेशी खेळाडूंपैकी पुढच्या हंगामात मूर्तदा फॉल आणि अहमद जाहू हे दोघेच राहिले.

पहिला धडा असा की माणूस सोडला याचा अर्थ तो निकामी ठरला असा होत नाही. हे मालकाने लक्षात ठेवावे आणि ज्याला सोडले त्यानेही ठेवावे.

२) मुदतीचा हिशेब

त्या उन्हाळ्यात मुंबईचे दोन महत्त्वाचे खेळाडू एकाच क्लबकडे, एटीके मोहन बागानकडे गेले. एक गोलरक्षक आणि कर्णधार अमरिंदर सिंग, दुसरा मिडफिल्डर ह्यूगो बूमूस. दोघांच्या जाण्यात हिशेबाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक होता.

अमरिंदरचा करार संपला होता. करार संपलेला खेळाडू कोठेही जाऊ शकतो आणि जुन्या क्लबला हस्तांतराचा पैसा मिळत नाही. युरोपात हा हक्क १५ डिसेंबर १९९५ च्या बॉसमन खटल्याच्या निकालाने मिळाला. आज जगभर करार संपायला ६ महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी उघड बोलणी करू शकतो. बूमूसचा करार मात्र शिल्लक होता. २०२० मध्ये मुंबईने करारात ठरलेली सुटकेची रक्कम भरून त्याला एफसी गोवाकडून घेतले होते. २०२१ मध्ये मोहन बागानला तो हवा होता, तेव्हा त्यांना मुंबईला पैसे मोजावे लागले.

हे आकड्यांत समजून घेऊ. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा एका क्लबने २ कोटी रुपये देऊन खेळाडू घेतला आणि करार ४ वर्षांचा केला. वहीत ही रक्कम चार वर्षांवर वाटली जाते, म्हणजे दरवर्षी ५० लाख खर्ची पडतात.

एका वर्षानंतर वहीतली शिल्लक किंमत १ कोटी ५० लाख. त्या वेळी २ कोटी २० लाखांना गिऱ्हाईक मिळाले, तर ७० लाख नफा आणि पुढच्या तीन वर्षांचा पगारही वाचला.

तीन वर्षांनंतर वहीतली शिल्लक ५० लाख. पण समोरच्याला ठाऊक आहे की वर्षभर थांबले तर हा फुकट मिळेल. म्हणून तो ४० लाखच देऊ करतो. वहीत १० लाख तोटा.

चार वर्षांनंतर शिल्लक शून्य आणि मिळकतही शून्य.

म्हणूनच क्लब आपला चांगला खेळाडू पुष्कळदा तो चांगला असतानाच विकतो. बाजारात भाव असतो तोवरच माल विकावा हा नियम भिवंडीच्या कापड व्यापाऱ्याला सांगायला नको. मात्र माणूस म्हणजे कापडाचा तागा नव्हे. त्याची संमती नसेल तर हस्तांतर होत नाही.

३) पगाराचा हिशेब

तिसरे कारण पगाराचे. याचे सर्वांत मोठे उदाहरण स्पेनच्या बार्सिलोना क्लबचे आहे. लिओनेल मेस्सीचा करार ३० जून २०२१ रोजी संपला. क्लबला तो हवा होता आणि खेळाडूलाही राहायचे होते. पण स्पॅनिश लीग प्रत्येक क्लबला त्याच्या मिळकतीनुसार पगाराची मर्यादा घालून देते. मेस्सीसह पगाराचा खर्च मिळकतीच्या ११० टक्के होतो आणि त्याच्याशिवायही तो ९५ टक्के आहे, असे क्लबचे अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनी सांगितले. नवी नोंदणी करणे शक्य नव्हते. ५ ऑगस्ट २०२१ रोजी क्लबने तो जात असल्याचे जाहीर केले आणि हंगाम आठ दिवसांवर होता.

यात मेस्सीचा खेळ कमी पडला नव्हता. आधीच्या वर्षांत क्लबने मोठमोठ्या रकमांचे करार केले होते आणि कोरोनाच्या काळात मैदाने रिकामी राहून मिळकत आटली. नाकापेक्षा मोती जड झाला, आणि तो उतरवावा लागला तो अगदी हंगामाच्या दारात. खर्चाला वेळीच लगाम घातला नाही की काय सोडायचे हे आपण ठरवत नाही, परिस्थिती ठरवते.

४) सोडण्याची किंमत

आता दुसरी बाजू. सोडण्याचा निर्णय वहीत बरोबर आला म्हणून मैदानात बरोबर ठरेलच असे नाही. मुंबईने ज्यांना पुढे ठेवले नाही, त्यांत नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता. वय ३६. आघाडीच्या खेळाडूचे ३६ वे वर्ष पाहून कोणताही मुनीम पुढचा करार करताना हात आखडता घेईल. ओगबेचे हैदराबाद एफसीकडे गेला. २०२१-२२ मध्ये त्याने १८ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला आणि हैदराबादने करंडक जिंकला. मुंबई सिटी पाचवी आली आणि पहिल्या चारांत जागा न मिळाल्याने उपांत्य फेरीलाही मुकली.

पण गोष्ट येथे संपत नाही. नवे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांना क्लबने वेळ दिला. २०२२ च्या एप्रिलमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरली. २०२२-२३ मध्ये शील्ड पुन्हा मुंबईकडे आली. सोडण्याची किंमत एका हंगामाची पडली. ती सोसण्याइतके भांडवल आणि धीर क्लबकडे होता. ज्याच्याकडे एक हंगाम बुडाला तर दुकान बंद पडेल अशी स्थिती आहे, त्याने या क्लबचे अनुकरण करू नये.

घेणाऱ्याचेही पाहा. अमरिंदर मोहन बागानकडे एकच हंगाम टिकला आणि २०२२ मध्ये ओडिशा एफसीकडे गेला. बूमूसशी मोहन बागानने मोठ्या मुदतीचा करार केला होता, पण २०२४ च्या सुरुवातीला त्याची परदेशी खेळाडूची जागा जॉनी काउको याला दिली गेली. पुढे बूमूसही ओडिशाकडे गेला. तेथे २०२३ मध्ये प्रशिक्षक म्हणून कोण आले होते? तेच लोबेरा. फॉल आणि जाहू हेही मुंबई सोडून तेथेच पोहोचले होते. ज्याने या खेळाडूंकडून काम करून घेतले होते, त्यालाच त्यांची खरी किंमत माहीत होती. चांगला कारागीर विकत घेता येतो, पण त्याच्याकडून काम करून घेणारा उस्ताद नसेल तर पैसा वाया जातो.

५) सोडण्याची रीत

जागतिक फुटबॉल संघटनेचे, म्हणजे फिफाचे, नियम येथे स्पष्ट आहेत. करार निदान चालू हंगाम संपेपर्यंतचा आणि जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो. हंगाम चालू असताना कोणत्याही एका बाजूला करार एकतर्फी मोडता येत नाही. करार संपतो तो मुदत भरल्यावर किंवा दोघांच्या संमतीने. योग्य कारण नसताना मोडला तर मोडणाऱ्याने भरपाई द्यायची. खेळाडूला दुसरीकडे पगार मिळू लागला तर तेवढी रक्कम भरपाईतून वजा होते. क्लबने दोन महिन्यांचे पगार थकवले, तर खेळाडू लेखी सूचना देऊन आणि १५ दिवस वाट पाहून स्वतः मोकळा होऊ शकतो.

‘क्लबने खेळाडूला मोकळे केले’ असे आपण वाचतो, तेव्हा त्यामागे बहुधा अशी तडजोड असते. समजा दोन वर्षे बाकी आहेत आणि पगार वर्षाला ८० लाख आहे. क्लब १ कोटी ६० लाख देणे लागतो. दोघे ६० लाखांवर तोडतात. क्लबचे १ कोटी वाचतात. खेळाडूला रोख रक्कम मिळते, शिवाय नवा क्लब शोधायची मोकळीक मिळते. हंगामापूर्वी हे केले तर नवा क्लब मिळतो. नोंदणीची मुदत उलटल्यावर केले तर खेळाडू अनेक महिने घरी बसतो. म्हणूनच हे निर्णय हंगामाआधी होतात, आणि व्हायलाही हवेत.

हंगामच अनिश्चित झाला तर काय होते, हे २०२५ मध्ये दिसले. महासंघ आणि संयोजक कंपनी यांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि नूतनीकरण झाले नव्हते. जुलैमध्ये लीग स्थगित ठेवली गेली आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. वरच्या पातळीवरचा एक कागद वेळेत झाला नाही, त्याची झळ खेळाडूंच्या घरापर्यंत पोहोचली.

६) आपल्या कारखान्यात

आता मानपाड्याकडे येऊ. समजा एका फर्निचरच्या कारखान्यात बारा कारागीर आहेत. यंत्र आले आणि दोघांचे काम कमी झाले. मालक म्हणेल, मोठे क्लब कर्णधाराला सोडतात, मग मी मिस्त्रीला का सोडू नये?

फरक असा की खेळाडूचा करार ठरलेल्या मुदतीचा असतो आणि त्याच्यासाठी दारात दुसरे गिऱ्हाईक उभे असते. कारागिराकडे यांतले काहीच नसते. म्हणून कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला काम कमी झाल्याच्या कारणाने काढायचे असेल, तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा असतो. एकाच प्रकारच्या कामातला जो शेवटी आला, तो सामान्यतः आधी जातो. नंतर भरती निघाली तर काढलेल्याला संधी द्यावी लागते. थोडक्यात, क्लब महागडा म्हणून जुना खेळाडू सोडू शकतो, पण कारखानदाराला महागडा म्हणून जुना कामगार सहज सोडता येत नाही. आणि ते योग्यच आहे.

तरीही क्लबकडून घेण्यासारखे बरेच आहे. कोणालाही सोडण्यापूर्वी मालकाने कागद-पेन्सिल घेऊन पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

एक, माणूस कमी पडला की त्याची जागा कमी झाली? जागा कमी झाली असेल तर त्याला दुसरे काम देता येईल का?

दोन, तो गेल्यावर त्याचे काम उद्या सकाळी कोण करणार? नाव लिहिता येत नसेल तर निर्णय पुढे ढकलावा.

तीन, त्याचे एकूण देणे किती? पगार, सुट्ट्या, भरपाई, ग्रॅच्युइटी सर्व धरावे. दिलेली उचल त्यातून तोंडी वळती करू नये. तिचाही लेखी हिशेब दाखवावा.

चार, एक हंगाम मंदा गेला तर सोसेल का?

पाच, त्याला दुसरीकडे काम शोधायला पुरेसा वेळ मिळतो आहे का? ईद किंवा दिवाळी आठ दिवसांवर असताना काढलेल्या माणसाला दुसरे दुकान मिळत नाही, कारण तोपर्यंत सर्वांची माणसे ठरलेली असतात.

कारागीर बांधवांनीही एक गोष्ट शिकावी. अमरिंदर आणि बूमूस यांना स्वतःच्या कराराची तारीख ठाऊक होती. आपल्यापैकी कितीजणांकडे नेमणुकीचे पत्र आहे? पगाराची पावती किती जण जपून ठेवतात? कामावर लागल्याची तारीख कागदावर नसेल तर पंधरा दिवसांची भरपाई कोणत्या वर्षापासून मोजणार? हंगाम सुरू होण्याआधी मालकाकडून तेवढा एक कागद मागून घ्यावा. सरळ व्यवहार करणाऱ्या मालकाला तो देण्यात अडचण नसते.