घसा बरा झाला, हृदय का बिघडले?

घसा दुखला की आपण गुळण्या करतो व विसरून जातो. काही मुलांना मात्र दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा, तर उद्या घोटा सुजतो. हा संधिवाताचा ताप. तो बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो.

असे का घडते? घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूवर ‘एम’ नावाचे प्रथिन असते. ते ओळखून रक्तातील बी-पेशी प्रतिपिंडे सोडतात, तर टी-पेशी स्वतः चाल करतात. पण हृदयातील मायोसिन या प्रथिनाची घडण काही अंशी ‘एम’सारखीच असते. म्हणून जंतू मेल्यावरही काही मुलांत या पेशी हृदयाच्या झडपांवर तुटून पडतात. सांध्यांची सूज उतरते. झडप मात्र आखडते व नीट मिटत नाही. उलट फिरणाऱ्या रक्ताचा भोवरा डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ऐकू येतो.

या पेशींची स्मृती पक्की असते. पुन्हा जंतू शिरला की पुन्हा तोच हल्ला, आणि झडप आणखी बिघडते. म्हणून अशा मुलाला दर ३-४ आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला परगावी जातात. तुमचा असा सोबती ठणठणीत दिसला, तरी त्याला सांगा: कागद बरोबर ने, जाशील तेथील दवाखान्यात इंजेक्शन घे; चुकवू नकोस.