पावसाळ्यातील लॅपटॉप आणि भरकटणारा कर्सर : दुरुस्तीपूर्वी करावयाची तपासणी

शाळा, ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय व सेवा केंद्र या सर्व ठिकाणी आज लॅपटॉप हे नित्याच्या कामाचे साधन झाले आहे. विद्यार्थ्यांचे गुण, शिष्यवृत्तीचे अर्ज, शेतजमिनीचे उतारे, लाभार्थ्यांच्या याद्या ही सारी कामे त्याच्या पडद्यावर पार पडतात. अशा वेळी पडद्यावरील बाण, म्हणजे कर्सर, आपोआप थरथरू लागला, कोपऱ्यात पळू लागला किंवा नको त्या ठिकाणी क्लिक करू लागला, तर त्यास केवळ गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही. एका चुकीच्या चौकटीवर खूण पडल्याने अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि यादीतील एक ओळ पुसली गेली तर एखाद्या कुटुंबाचा लाभ अडून राहतो.

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील कुळगी हे गाव दांडेलीहून अंबिकानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घनदाट अरण्यात वसलेले आहे. वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे व काळी व्याघ्र प्रकल्पामुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथील हवेत सतत दमटपणा असतो आणि यंत्र दुरुस्तीला न्यावयाचे झाल्यास दांडेलीची वाट धरावी लागते. सह्याद्रीच्या कुशीतील असंख्य गावांची स्थिती याहून निराळी नाही. म्हणून यंत्र दुकानात नेण्यापूर्वी घरी किंवा कार्यालयात कोणती तपासणी करता येईल, याचे दिग्दर्शन प्रस्तुत लेखात केले आहे.

ट्रॅकपॅडचे कार्य

कळफलकाखालील ज्या गुळगुळीत पट्टीवर आपण बोट फिरवितो तिला ट्रॅकपॅड किंवा टचपॅड म्हणतात. पूर्वीच्या लॅपटॉपांवर त्या जागी फिरता गोळा असे. अॅपल कंपनीने १९९४ साली पॉवरबुक ५०० या मालिकेत ट्रॅकपॅड बसविला आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली.

या पट्टीच्या पृष्ठभागाखाली विद्युत्वाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. त्या जाळीत अत्यंत सूक्ष्म विद्युत् क्षेत्र निर्माण केलेले असते. मनुष्याचे शरीर विद्युत्वाहक असल्यामुळे बोट जवळ येताच त्या जागेचा विद्युत् भार किंचित बदलतो. आतील नियंत्रक हा बदल दर सेकंदाला अनेक वेळा मोजतो आणि बोट नेमके कोठे आहे ते ठरवितो. थोडक्यात सांगावयाचे तर ट्रॅकपॅड बोटाचा दाब ओळखत नाही. तो विद्युत् भारातील बदल ओळखतो.

एवढे ध्यानी घेतले की पुढील सर्व उलगडा होतो. पाण्याचा थेंब, घामाचा थर, हातातील अंगठी, बांगडी किंवा चार्जरमधून आलेला विजेचा गोंगाट यांपैकी कशानेही हा भार बदलू शकतो. म्हणजे पुष्कळदा ट्रॅकपॅड बिघडलेला नसतोच. बोटाखेरीज दुसरे काहीतरी त्याला जाणवत असते आणि तेच तो प्रामाणिकपणे कळवीत असतो.

ओलावा व मळ

पावसाळ्यात सर्वप्रथम संशय घ्यावा तो ओलाव्याचा. छत्री मिटवून आलेले ओले हात, कपाळावरून टपकलेला घाम, थंड खोलीतून दमट हवेत आणल्यावर यंत्रावर साचणारे दव, ही नेहमीची कारणे होत. तेलकट हात आणि शाळांतील खडूची भुकटी यांचाही थर पट्टीवर बसतो. यंत्र बंद करून, चार्जर काढून, पट्टी मऊ सुती कापडाने कोरडी पुसावी. मळ निघत नसल्यास कापड अगदी किंचित ओलसर करून पुसावे व लगेच कोरडे करावे. पाणी किंवा कोणताही द्रव थेट यंत्रावर कधीही शिंपडू नये. काम करताना अंगठी, बांगडी किंवा मनगट पट्टीवर टेकणार नाही अशी दक्षता घ्यावी.

चार्जर आणि अर्थिंग

पट्टी स्वच्छ व कोरडी असूनही कर्सर थरथरत असल्यास चार्जर काढून यंत्र बॅटरीवर चालवून पाहावे. कर्सर ताबडतोब स्थिर झाला, तर दोष बहुधा ट्रॅकपॅडचा नसून वीजपुरवठ्याचा आहे असे समजावे.

याचे कारण असे. २३० व्होल्टची वीज लॅपटॉपला सोसेल अशी करताना चार्जरमध्ये विजेचा गोंगाट निर्माण होतो. तो दाबण्यासाठी आत लहान कपॅसिटर बसविलेले असतात व त्यांतून अत्यल्प प्रवाह निसटतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये हा प्रवाह जाड व लांब अशा तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जावा, अशी योजना असते. परंतु ही पिन मोडलेली असेल, दोन पिनांच्या जोडणीत प्लग खोचला असेल किंवा भिंतीतील अर्थिंगची तार कोठेच जोडलेली नसेल, तर तो प्रवाह यंत्राच्या अंगावरच राहतो. धातूच्या कडेला हात लावताच झिणझिण्या येतात आणि ट्रॅकपॅडच्या मोजणीत घोटाळा होतो. काही चार्जर मुळातच दोन पिनांचे असतात. तेथे कंपनीचा योग्य चार्जर लावून पाहावा. हलक्या प्रतीच्या चार्जरमध्ये गोंगाट अधिक असण्याचा संभव असतो.

येथे प्रश्न केवळ कर्सरचा राहत नाही. ज्या सॉकेटला अर्थिंग नाही, त्याच सॉकेटवर घरात इस्त्री, मिक्सर किंवा पाण्याचा पंप चालतो. अशा उपकरणात वीज बाह्य आवरणात उतरली तर तिला जमिनीत जाण्यास वाट उरत नाही आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून चार्जर लावताच पळणारा कर्सर हा इशारा मानून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगची मोजणी करून घ्यावी. मात्र कर्सर स्थिर आहे, एवढ्यावरून अर्थिंग उत्तम आहे असा निष्कर्ष काढू नये.

कोळसा व मीठ यांचे थर देऊन केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो व त्याचे कार्य मंदावते. खडकाळ जमिनीत हे विशेष जाणवते. त्यात वेळोवेळी पाणी घालावे. एप्रिल-मे महिन्यांत कर्सर बिघडल्यास अर्थिंगकडे आणि जुलै-ऑगस्टमध्ये बिघडल्यास ओलाव्याकडे प्रथम पाहावे, असा ढोबळ आडाखा बांधण्यास हरकत नाही. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलची तार अर्थिंगच्या पिनेस जोडण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. तो अत्यंत घातक आहे. न्यूट्रल तुटल्यास उपकरणाचे संपूर्ण आवरण विद्युत्भारित होते.

फुगलेली बॅटरी

अनेक लॅपटॉपांत बॅटरी ट्रॅकपॅडच्या अगदी खाली असते. जुनी झालेली लिथियम बॅटरी आतील वायूमुळे फुगू शकते आणि पट्टीस खालून रेटते. पट्टी एका बाजूने उचललेली दिसणे, क्लिक कठीण होणे किंवा आपोआप पडणे, आवरणात फट पडणे, सपाट टेबलावर यंत्र डुगडुगणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी यंत्र तत्काळ बंद करावे, चार्जर लावू नये, पट्टी दाबून बसविण्याचा अथवा बॅटरीस टोचण्याचा यत्न करू नये. तिला आग लागू शकते. यंत्र कागद, गवत व कापड यांपासून दूर ठेवून अधिकृत सेवा केंद्राकडे सोपवावे. काढलेली बॅटरी उकिरड्यावर, चुलीत किंवा रानात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

सेटिंग व इतर कारणे

टंकलेखन करतानाच कर्सर उडी मारत असेल, तर तळहाताचा स्पर्श हे कारण संभवते. सेटिंगमधील टचपॅड या विभागात जाऊन संवेदनशीलता कमी करावी. नुकतेच सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर दोष उद्भवला असल्यास यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे आणि दोष कायम राहिल्यास जाणकाराकडून टचपॅडचा पूर्वीचा ड्रायव्हर बसवून घ्यावा. स्पर्शाने चालणारा पडदा असल्यास तोही पुसून घ्यावा. पडद्यावरील थेंबामुळेही बाण पळतो.

एक भेद मात्र अवश्य ओळखावा. बिघाडामुळे होणारी हालचाल दिशाहीन असते. बाण हेतुपुरस्सर खिडक्या उघडीत असेल, अक्षरे टाइप होत असतील किंवा बँकेचे पान उघडत असेल, तर दुसरी कोणी व्यक्ती दुरून यंत्र चालवीत असण्याचा संशय घ्यावा. त्वरित इंटरनेट तोडावे आणि आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

तपासणीचा क्रम

१. चालू काम जतन करावे. फुगवट्याची लक्षणे आहेत काय ते पाहावे. असल्यास पुढील प्रयोग न करता यंत्र बंद करावे.

२. यंत्र बंद करून हात व पट्टी कोरडी व स्वच्छ करावी. अंगठी, बांगडी बाजूस ठेवावी.

३. चार्जर काढून बॅटरीवर काही वेळ काम करावे.

४. चार्जर दुसऱ्या, अर्थिंगची खात्री असलेल्या सॉकेटवर लावून पाहावा.

५. तारेचा माऊस जोडून सेटिंगमधून टचपॅड बंद करावा. बाण स्थिर झाल्यास दोष टचपॅडकडे आहे. तरीही पळत राहिल्यास दोष पडद्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये शोधावा.

६. संवेदनशीलता व ड्रायव्हर तपासावा.

एवढे करूनही दोष राहिल्यास यंत्र दुरुस्तीस न्यावे आणि कोणत्या पायरीवर काय आढळले ते कारागिरास लिहून द्यावे. त्यामुळे अनावश्यक भाग बदलण्याचा खर्च टळतो. दरम्यान साधा माऊस जोडून कार्यालयाचे काम चालू ठेवता येते. शिक्षकांनी हा क्रम विद्यार्थ्यांकडून एकदा प्रत्यक्ष करवून घेतल्यास विज्ञानाच्या पुस्तकातील विद्युत् भार, वाहक व अर्थिंग हे शब्द त्यांच्या अनुभवाचे होतील, आणि घरी जाऊन ते आपल्या भिंतीवरील सॉकेटकडेही डोळसपणे पाहू लागतील.