खाद्यलेखन आणि नोंदींचा खोका : तोल कसा सांभाळायचा?



आठवी-नववीच्या मुलांना ‘आमच्या घरचा एक पदार्थ’ या विषयावर लिहायला सांगितलं, की बहुतेक वह्यांत एकच साचा दिसतो. साहित्य, कृती आणि शेवटी ‘हा पदार्थ मला खूप आवडतो.’ ही झाली पाककृती. खाद्यलेखन वेगळं असतं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ (१९७०) समोर ठेवून नवखा माणूसही स्वयंपाक करू शकतो, कारण त्यात वाटी-चमच्याचं प्रमाण दिलेलं आहे. दुर्गाबाई भागवतांचं ‘खमंग’ वाचताना मात्र पदार्थाच्या आजूबाजूचं जगही भेटतं. पाककृती ‘कसं करायचं’ ते सांगते. खाद्यलेखन ‘असंच का करतात, कोण करतं, कधी करतं’ हे विचारतं.

या ‘का’चं उत्तर एका दिवसात मिळत नाही. थोडं आजीकडून कळतं, थोडं पुस्तकातून, थोडं स्वतः करून बघताना. हे सगळं कुठेतरी टिपून ठेवावं लागतं. आपला आजचा विषय इथूनच सुरू होतो.

ज्ञान-व्यवस्थापन म्हणजे काय?

अलीकडे शिक्षकांमध्ये आणि मोठ्या मुलांमध्ये ‘वैयक्तिक ज्ञान-व्यवस्थापन’ या गोष्टीची आवड वाढते आहे. शब्द जड वाटतो, अर्थ सोपा आहे. वाचलेलं, ऐकलेलं, सुचलेलं टिपून ठेवायचं आणि हवं तेव्हा सापडेल अशा रीतीने लावून ठेवायचं. कोणी त्यासाठी नोशन, ऑब्सिडियनसारखी ॲप वापरतं, कोणी साधी वही.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कागदाचंच आहे. निकलास लुमान (१९२७–१९९८) या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभरात सुमारे ९०,००० टिपणं लिहून खोक्यांत ठेवली होती. प्रत्येक टिपणाला क्रमांक, आणि एका टिपणावर दुसऱ्याचा क्रमांक लिहून केलेली जोडणी. त्या खोक्यांच्या आधाराने त्यांनी पन्नासहून अधिक पुस्तकं लिहिली. आपल्या दृष्टीने यातला मुद्दा एवढाच, की तो खोका नुसता भरलेला नव्हता. त्यातून सतत लेखन बाहेर येत होतं.

खोका उपयोगी पडतो तो असा

समजा, एका विद्यार्थिनीने तीन कार्डं लिहिली.

कार्ड १ : ज्वारीच्या भाकरीचं पीठ कढत पाण्याने भिजवतात. पीठ जुनं झालं की ‘विरी गेली’ म्हणतात. मग भाकरी थापताना चिरते.

कार्ड २ : उकडीच्या मोदकांसाठी उकळत्या पाण्यात तांदळाची पिठी घालतात आणि झाकण ठेवून वाफ आणतात.

कार्ड ३ : कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात. मग वाटून चीक काढतात, तो शिजवतात आणि सोऱ्याने कुरडया घालतात.

‘रोजचं जेवण’, ‘सणाचे पदार्थ’, ‘वाळवण’ असे तीन कप्पे केले, तर ही कार्डं एकमेकांना कधीच भेटणार नाहीत. पण तिने कार्ड १ वर लिहिलं, ‘कार्ड २ बघा, तिथेही गरम पाणी का?’ इथून शोध सुरू होतो. गव्हाच्या कणकेला ताण देणारं ग्लुटेन ज्वारीत आणि तांदळात नसतं. मग पीठ बांधून ठेवणार कोण? धान्यातला स्टार्च. तो पाण्याबरोबर साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला फुगतो आणि चिकट होतो. गव्हात ग्लुटेन असतं खरं, पण चीक काढताना चोथा बाजूला जातो आणि हाती उरतो तो मुख्यतः स्टार्च. म्हणून तोही शिजवून घट्ट करावा लागतो.

म्हणजे भाकरी, मोदक आणि कुरडई या तिघी एकाच युक्तीवर उभ्या आहेत! मराठीच्या तासाला सुरू झालेलं लेखन विज्ञानाच्या तासापर्यंत पोहोचलं. कप्प्यांमुळे पदार्थ वेगळे झाले असते, जोडणीमुळे ते जवळ आले. नोंदींच्या पद्धतीचा खरा फायदा हा आहे.

मग तोल कुठे जातो?

मांडणी करण्यात एक गोडी असते. कार्डांना रंग द्या, कप्पे बदला, नवं ॲप उतरवून घ्या, जुन्या नोंदी तिकडे हलवा. दोन तास कसे गेले कळत नाही आणि काम झाल्याचं समाधानही मिळतं. लेखाची मात्र एक ओळ पुढे सरकलेली नसते. लिहायला बसलं की अडखळायला होतं, मांडणी करताना तसं होत नाही. म्हणून मन आपोआप मांडणीकडे पळतं. हे मुलांचं होतं, तसंच आपलंही.

दुसरं नुकसान याहून मोठं आहे. खाद्यलेखनाचं साहित्य माणसांकडे असतं, आणि ती माणसं बहुतेकदा वयस्क असतात. ‘मीठ किती?’ विचारलं तर आजी म्हणते, ‘अंदाजाने.’ तो अंदाज तिच्या हातात आहे, कुठेही लिहिलेला नाही. आपण कप्पे लावत बसलो आणि विचारायचं राहून गेलं, तर तो अंदाज तिच्याबरोबरच जाईल. रिकामा कप्पा पुढच्या वर्षीही भरता येतो. उन्हाळ्यात एकदाच होणारं वाळवण आणि ते करणारी आजी आपल्यासाठी थांबेलच असं नाही.

तोल राखणारे पाच नियम

१. आधी ओटा, मग खोका. पदार्थ होत असताना फक्त टिपा, मांडणी नंतर. ॲप उघडायला वेळ लागत असेल तर कागदाचा तुकडाही चालेल.

२. एका कार्डावर एकच गोष्ट, स्वतःच्या वाक्यात. कोणी सांगितलं, कोणत्या गावचं आणि कोणत्या तारखेला, हे खाली लिहायचंच. ज्याचं ज्ञान, त्याचं श्रेय.

३. जोडणी केली तर कारण लिहा. नुसतं ‘कार्ड २ बघा’ पुरेसं नाही. ‘तिथेही गरम पाणी का?’ हा प्रश्नच पुढे लेख होतो.

४. एका तासाची वाटणी ठरवून घ्या. ४० मिनिटं लेखन, १५ मिनिटं नोंदी, ५ मिनिटं मांडणी. मांडणी नेहमी शेवटी.

५. हातातला लेख पूर्ण होईपर्यंत नवं ॲप नाही, नवी पद्धत नाही.

कार्डात न मावणारं

कार्डात माहिती मावते, चव मावत नाही. तीन कार्डं एकाखाली एक उतरवली तर तो लेख होणार नाही. ‘ज्वारीचे पीठ कढत पाण्याने भिजवतात’ ही माहिती झाली. आता हा नमुना बघा : ‘आई कढत पाणी ओतते, आधी उलथन्याने ढवळते आणि हाताला सोसेल तेव्हाच मळायला घेते. परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला की आम्ही न बोलावता पाटावर येऊन बसतो.’ माहिती तीच आहे, पण आता तिथे माणसं आली. मुलांना कार्डं बाजूला ठेवून पहिला मसुदा लिहायला सांगा. तपशील तपासायला कार्डांकडे नंतर वळायचं. जे आठवणीतून आपसूक येतं, तेच बहुधा लेखाचं सत्त्व असतं.

वर्गात चार तासिका

पहिली तासिका : प्रश्न तयार करणे. प्रत्येकाने घरच्या एका पदार्थाबद्दल पाच ‘का’ लिहायचे.

दुसरी तासिका : घरून आणलेली पाच कार्डं गटात वाचायची आणि दुसऱ्याच्या कार्डाशी निदान एक जोडणी शोधायची. वेगवेगळ्या भागांतली, समाजांतली मुलं एकत्र असतील तर ही तासिका फार रंगते. कोणाचाही पदार्थ हलका किंवा भारी ठरणार नाही, याकडे मात्र आपण लक्ष द्यायचं.

तिसरी तासिका : कार्डं मिटून मसुदा.

चौथी तासिका : तपासणी आणि वाचन. गुण लेखाला द्या, कार्डांच्या सजावटीला नको.

पालकांसाठी

पालकहो, आपल्या मोबाइलमध्ये पाककृतींचे कितीतरी स्क्रीनशॉट पडून असतात. त्यातला एक निवडा, मुलांबरोबर करून बघा आणि काय बदललं ते दोन ओळींत लिहायला सांगा. तीच खरी नोंद.

आणि ‘अंदाजाने’चं प्रमाण काढायची एक सोपी युक्ती. आजीला मोजायला लावू नका, तिचा हात अडखळेल. पिठाचा डबा स्वयंपाकाआधी वजनकाट्यावर ठेवा आणि नंतर पुन्हा ठेवा. डबा आधी १,८५० ग्रॅम आणि नंतर १,५३० ग्रॅम भरला, तर पीठ लागलं ३२० ग्रॅम. गूळ, तेल यांचंही असंच करता येईल. चिमूटभर मीठ घरच्या काट्यावर नीट दाखवणार नाही, म्हणून तशी चिमूट दहा वेळा घेऊन एकत्र वजन करा आणि दहाने भागा. मुलांचा गणिताचा सरावही होईल.

या आठवड्यात एवढंच करून बघा : एक पदार्थ, पाच कार्डं, एक जोडणी आणि एक पानभर लेख. खोका लहान राहिला तरी चालेल, लेख मात्र पूर्ण होऊ द्या. ज्यांनी पदार्थ सांगितला, त्यांना तो आवर्जून वाचून दाखवा. एखादी चूक त्याच लगेच दुरुस्त करतील, आणि बहुधा एखादी नवी गोष्टही सांगतील. सहावं कार्ड तिथे लिहा.